पायाखाली नवा पाया: अंडरपिनिंग सेवेचे १४ महिन्यांनंतरचे परीक्षण

आमच्या घराच्या खचत चाललेल्या कोपऱ्याखाली नवा पाया घालून घेतल्याला आता १४ महिने झाले. हे परीक्षण मी मुद्दामच उशिरा लिहीत आहे, कारण अंडरपिनिंगचे, म्हणजे जुन्या पायाखाली नवा पाया घालण्याचे, काम ज्या दिवशी संपते त्या दिवशी ते चांगलेच दिसते. खड्डे बुजवलेले असतात, भेगा भरलेल्या असतात, भिंतीला नवा रंग लागलेला असतो आणि खरे काम जमिनीखाली दोन मीटरवर गाडले गेलेले असते. ती जमीन एकदा पूर्ण भिजून आणि एकदा पूर्ण वाळून गेल्याशिवाय कामाविषयी खात्रीने काही म्हणता येत नाही. हे दोन्ही ऋतू आता उलटले आहेत. काम टिकले आहे, आणि ज्यांनी ते केले त्यांच्या पद्धतीबद्दल मला मनापासून आदर वाटतो; तरीही काही बाबतींत त्यांची सेवा उणी पडली, तेही पुढे सविस्तर लिहिले आहे. संस्थेचे नाव मी देत नाही. असे काम कोणाकडूनही करून घेताना नेमके काय पाहावे, हे वाचकाला कळावे एवढाच माझा हेतू आहे.

घर दुमजली असून विटांच्या भारवाहक भिंतींवर उभे आहे. त्यात काँक्रीटचे कॉलम नाहीत, त्यामुळे भिंतीखालचा सलग पाया हाच घराचा एकमेव आधार. मागच्या कोपऱ्यातील खोलीच्या खिडकीपासून एक भेग वर चढत गेली होती. ती सरळ उभी नव्हती; विटांच्या सांध्यासांध्यातून, जिन्याच्या पायऱ्यांसारखी, तिरकी गेली होती. खाली केसाएवढी आणि वर जाताना रुंद होत जाणारी ती भेग गिलाव्यापुरती आहे असे आम्ही बराच काळ समजत होतो. आईच्या मात्र लक्षात आले की त्याच रेषेत बाहेरच्या बाजूलाही भेग आहे आणि त्या खोलीचे दार उंबरठ्याशी घासू लागले आहे. भिंतीच्या आत आणि बाहेर एकाच जागी दिसणारी, वर रुंद आणि खाली निमुळती अशी तिरकी भेग म्हणजे भिंतीचे टोक खाली चालले असल्याची खूण असते, हे आम्हाला नंतर समजले. टोक खाली जाते तेव्हा भिंत मधल्या भागावर वाकते, तिचा वरचा भाग ताणला जातो आणि विटांचे बांधकाम ताण जवळजवळ सहन करू शकत नसल्यामुळे वरून फाटत येते.

पहिल्या कंत्राटदाराने ती भेग खरवडून, त्यात पॉलिमर मिसळलेला मसाला भरून, वर जाळी लावून गिलावा करून दिला. आठ महिन्यांत भेग त्याच जागी पुन्हा उघडली. त्यावर त्याने पायाच्या भोवती छिद्रे पाडून सिमेंटचे ग्राउट, म्हणजे पातळ मिश्रण, सोडण्याचा सल्ला दिला. माती कशी आहे, पाया किती खोल आहे, घर अजून हलते आहे की थांबले आहे, यांपैकी एकही प्रश्न त्याने विचारला नव्हता. तेथे आम्ही थांबलो आणि दुसऱ्या संस्थेकडे गेलो. हे परीक्षण त्या दुसऱ्या संस्थेच्या सेवेचे आहे.

पहिल्या भेटीतच फरक जाणवला. त्यांच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरनी भेगेकडे एकदा पाहिले आणि नंतरचा पाऊण तास घराच्या बाहेर घालवला. छपरावरून उतरणारा पावसाच्या पाण्याचा पाइप कोठे संपतो, सांडपाण्याची नळी कोणत्या बाजूने जाते, जोत्याभोवतीच्या फरशीचा उतार भिंतीकडे आहे की भिंतीपासून दूर आहे, अंगणातील झाड किती अंतरावर आहे, हे त्यांनी क्रमाने पाहिले. त्यांनी एक गोष्ट समजावून सांगितली, ती पुढच्या प्रत्येक निर्णयाच्या मुळाशी राहिली. घर बसणे आणि जमीन खचणे या दोन वेगळ्या घटना आहेत. नवे घर स्वतःच्या वजनाने मातीला दाबते आणि थोडे बसते; हे बसणे सहसा काही काळाने थांबते. जमीन खचते तेव्हा घराच्या वजनाचा तिच्याशी फारसा संबंध नसतो; खालची माती पाण्याने मऊ होते, वाळून आकसते, वाहून जाते किंवा मुळातच नीट न दाबलेल्या भरावाची असते. पहिल्या घटनेत अनेकदा वाट पाहणे पुरते. दुसऱ्या घटनेत कारण शोधून ते बंद करावेच लागते, आणि कारण बंद न करता घातलेला नवा पायाही त्याच रोगाला बळी पडू शकतो.

सांडपाण्याच्या नळीची तपासणी त्यांनी अगदी साध्या रीतीने केली. नळीचे खालचे तोंड बुच लावून बंद केले, वरच्या चेंबरपर्यंत पाणी भरले आणि पातळीवर खूण करून ठेवली. पाणी अर्ध्या तासात वीतभर खाली गेले. नळीचा एक सांधा नेमका त्याच कोपऱ्यापाशी उघडा पडला होता. त्यानंतर भिंतीला लागून चाचणीचा खड्डा घेतला, तेव्हा पायाचा तळ जमिनीखाली फक्त ९० सेंटिमीटरवर असल्याचे आणि त्याखालची चिकणमाती बोटाने दाबली तरी दबत असल्याचे प्रत्यक्ष दिसले. हाताने फिरवायच्या गिरमिटाने आणखी खोल जाऊन त्यांनी दर अर्ध्या मीटरवर मातीचे नमुने काढले. सुमारे दोन मीटरच्या खाली माती घट्ट होत गेली होती. नमुने प्रयोगशाळेत पाठवून त्यांतील ओलाव्याचे प्रमाण आणि माती कितपत फुगते व आकसते हे तपासले गेले.

झाडाबद्दल त्यांनी दाखवलेला संयम विशेष सांगण्यासारखा आहे. ओळखीच्या प्रत्येकाने आम्हाला ते झाड आधी तोडा असे सुचवले होते. झाडाची मुळे चिकणमातीतील पाणी शोषतात, माती आकसते आणि पाया खाली जातो, हे खरेच आहे. परंतु अनेक वर्षे वाळलेल्या मातीवरचे मोठे झाड एकाएकी काढले तर तीच माती हळूहळू पाणी घेऊन फुगू लागते आणि घर वर उचलले जाऊ शकते. हे फुगणे पुढे कित्येक वर्षे चालू राहू शकते. आमच्या चाचणीच्या खड्ड्यात पायाखाली बारीक मुळे सापडली नाहीत आणि माती कोरडी नसून उलट अधिक ओली होती. त्यामुळे झाड निर्दोष ठरले, आणि ते आजही उभे आहे.

यानंतर आमच्या संयमाची परीक्षा सुरू झाली. त्यांनी काम सुरू करण्यास नकार दिला. नळी दुरुस्त करून घ्या, पावसाच्या पाण्याचा पाइप दूर न्या, आणि मग आम्ही सात महिने मोजमाप घेऊ, असे त्यांनी सांगितले. भेगेच्या दोन्ही बाजूंना पितळी खुंट्या बसवून त्यांमधील अंतर कॅलिपरने मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत दर महिन्याला मोजले जाऊ लागले, आणि घराभोवती विटांच्या एकाच थरावर खुणा करून त्यांची पातळी लेव्हल यंत्राने तपासली जाऊ लागली. भेग सर्वांत रुंद जागी सुमारे ६ मिलिमीटर होती. अभियांत्रिकीत भेगांची जी वर्गवारी वापरतात, तिच्यात १ मिलिमीटरपर्यंतची भेग रंगकामाने झाकण्याजोगी, ५ मिलिमीटरपर्यंतची किरकोळ आणि त्यापुढे १५ मिलिमीटरपर्यंतची मध्यम मानली जाते. आमचा कोपरा ४.८ मीटर अंतरावरच्या खुणेपेक्षा २२ मिलिमीटर खाली होता, म्हणजे उतार साधारण २१८ ला १ इतका भरत होता. भिंतींना तडे जाण्याची शक्यता जेथून सुरू होते ती मर्यादा ३०० ला १ धरण्याचा प्रघात आहे. ती आम्ही ओलांडली होती. मात्र या आकड्यावर त्यांनी लगेच एक टीप जोडली: विटांचे थर मुळात बांधतानाच किती समपातळीत होते हे आज कोणालाच सांगता येणार नाही, त्यामुळे आजचा उतार हा फक्त संशय आहे आणि पुढच्या महिन्यांतील बदल हा पुरावा आहे.

त्या सात महिन्यांत मी अनेकदा अस्वस्थ झालो. ज्या भिंतीखाली आपण झोपतो तिची भेग दर महिन्याला मोजली जावी आणि तिच्यावर काहीच केले जाऊ नये, हे सहन करणे सोपे नव्हते. आज मागे पाहताना मला वाटते की या सेवेतील सर्वांत मोलाचा भाग हाच होता. नळी दुरुस्त झाल्यावर हालचाल मंदावली. पुष्कळ घरांत ती येथेच थांबते आणि नवा पाया घालण्याची गरजच उरत नाही. तसे झाले असते तर त्यांना मोठ्या कामाला मुकावे लागले असते, आणि ही शक्यता त्यांनी आम्हाला स्वतःहून पहिल्याच दिवशी सांगितली होती. आमच्याकडे हालचाल मंदावली, पण थांबली नाही. सात महिन्यांच्या शेवटी भेग आणखी १.८ मिलिमीटर उघडली होती. पायाखालचा थर इतका मऊ झाला होता की पाणी बंद झाल्यावरही तो भार पेलू शकत नव्हता. अंडरपिनिंगचा निर्णय त्यानंतर झाला.

पद्धत निवडतानाची चर्चा लेखी अहवालात होती. पायाखाली फुगणारे राळेचे मिश्रण सोडण्याची पद्धत जलद असते, खोदाई लागत नाही, आणि वाळूसारख्या मोकळ्या मातीत किंवा पायाखाली पोकळी झालेली असल्यास ती उपयोगी पडते. पण मऊ चिकणमातीत मिश्रण नेमके कोठे पसरेल यावर तितका ताबा राहत नाही. बारीक व्यासाचे पाइल, म्हणजे जमिनीत उतरवलेले खांब, खोल उतरवून त्यांवर तुळयांनी भिंत तोलून धरणे हा दुसरा पर्याय होता. भक्कम थर फार खोल असेल, किंवा भूजल वर असल्यामुळे माणसाने उतरून खोदणे धोक्याचे असेल, तर तोच योग्य ठरतो. जमिनीत स्क्रूसारखे फिरवून बसवायचे पोलादी पाइलही त्यांनी विचारात घेतले होते. ते फिरवताना लागणाऱ्या जोरावरून त्यांच्या भारक्षमतेचा अंदाज येतो. आमच्याकडे घट्ट माती दोन मीटरच्या जरा खालीच असल्यामुळे सर्वांत जुनी पद्धत निवडली गेली: भिंतीखाली थोडे थोडे खोदून काँक्रीटचा पाया घट्ट थरापर्यंत नेणे.

पहिल्या कंत्राटदाराने सुचवलेल्या ग्राउटबद्दल मी विचारले, तेव्हा त्यांनी पिसाच्या मनोऱ्याचा दाखला दिला. ११७३ मध्ये बांधायला घेतलेल्या आणि मऊ मातीवर कललेल्या त्या मनोऱ्याच्या पायात १९३४ मध्ये सिमेंटचे ग्राउट भरले गेले आणि त्यानंतर कल कमी होण्याऐवजी वाढला. पुढे १९९० च्या दशकात मनोऱ्याच्या वर राहिलेल्या बाजूवर आधी शिशाची वजने ठेवली गेली, आणि मग त्याच बाजूखालून माती अगदी थोडी थोडी, सतत मोजमाप घेत काढली गेली. कल सुमारे ५.५ अंशांवरून ४ अंशांच्या आसपास आला आणि २००१ मध्ये मनोरा लोकांसाठी पुन्हा उघडला. जमिनीत काय घालायचे हे जमीन समजून घेतल्यावरच ठरवावे, ही गोष्ट माझ्या मनावर या दाखल्यामुळे पक्की बिंबली.

प्रत्यक्ष कामाला सहा आठवडे लागले. दोन भिंती मिळून ९ मीटर लांबीखाली नवा पाया घालायचा होता. भिंतीवर खडूने एकेक मीटरचे नऊ भाग आखून त्यांना क्रमांक दिले गेले. एका वेळी फक्त दोनच भाग उघडायचे आणि त्या दोघांमध्ये किमान दोन अखंड भाग ठेवायचे, हा नियम त्यांनी एकदाही मोडला नाही. भिंतीच्या एकूण लांबीच्या पावभागापेक्षा जास्त लांबी कधीही आधाराविना राहू नये, यासाठी ही शिस्त आहे. विटांची भिंत मीटरभर पोकळीवर स्वतःची कमान धरून तग धरू शकते. सलग तीन मीटर पोकळ केल्यास ती तशी धरेलच असे नाही. खड्डा छातीएवढा खोल होण्यापूर्वीच त्याच्या कडांना फळ्या आणि आडवे टेकू लावले जात. जुन्या पायाचा तळ तारेच्या ब्रशने घासून माती व सुटे तुकडे काढले जात. खड्ड्याचा तळ इंजिनिअरनी स्वतः पाहिल्याशिवाय काँक्रीट पडत नसे, आणि तळ पाहून झाला की काँक्रीट त्याच दिवशी पडे, कारण उघडी राहिलेली चिकणमाती एका पावसात लोण्यासारखी मऊ होते. शेजारचा भाग एकसंध व्हावा म्हणून प्रत्येक भागाच्या कडेतून सळया बाहेर काढून ठेवल्या जात.

नव्या काँक्रीटचा माथा आणि जुन्या पायाचा तळ यांमध्ये सुमारे ७५ मिलिमीटरची फट मुद्दाम सोडलेली होती. मला प्रथम तो निष्काळजीपणा वाटला. काँक्रीट घट्ट होताना थोडे बसते आणि आकसते. ते थेट जुन्या पायाला भिडवून ओतले तर काही दिवसांत दोघांमध्ये बारीक फट राहते आणि भिंत ती फट भरून निघेपर्यंत पुन्हा खाली येते. म्हणून काँक्रीटला किमान दोन दिवस घट्ट होऊ देऊन नंतर त्या फटीत कोरडा मसाला ठोकून भरतात. एक भाग सिमेंट आणि तीन भाग वाळू, आणि पाणी इतकेच की मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांना ओल लागू नये. हा मसाला लाकडी ठोकळा आणि हातोडी यांनी थराथराने इतका ठोकावा लागतो की शेवटी हातोडीचा आवाज बदलतो. घराचा भार नव्या पायावर जातो तो या तीन बोटांच्या थरातून. संपूर्ण कामात यापेक्षा महत्त्वाची आणि यापेक्षा सहज दुर्लक्षिली जाणारी दुसरी जागा नाही, असे माझे मत झाले आहे. तिसऱ्या भागात मसाला ओलसर झाला होता. इंजिनिअरनी मुठीत गोळा करून पाहिला, तळहात ओला झाला, आणि अर्धा भरलेला सगळा मसाला त्यांनी काढायला लावला. मुकादम नाराज झाला, दिवस वाया गेला, पण मला त्या दिवशी या संस्थेबद्दल जो विश्वास वाटला तो अखेरपर्यंत टिकला.

सहाव्या भागात पाणी लागले. खड्डा दीड मीटर खोल गेल्यावर एका बाजूने झिरपा सुरू झाला. मुकादमाने पंप आणवला. इंजिनिअरनी तो सरळ खड्ड्यात टाकण्यास मनाई केली. पंप जोराने चालला की पाण्याबरोबर मातीचे बारीक कणही ओढले जातात आणि ज्या मातीवर शेजारची भिंत उभी आहे तीच पोकळ होऊ लागते. त्यांनी खड्ड्याच्या कोपऱ्यात एक लहान घळ करून ती गाळणीच्या कापडाने आणि खडीने भरायला लावली, तेथून पाणी हळूहळू काढले, आणि बाहेर येणारे पाणी बादलीत घेऊन ते स्वच्छ आहे की गढूळ आहे हे दर तासाला पाहिले. झिऱ्याचा माग काढल्यावर वापरात नसलेली एक जुनी नळी सापडली. तिचे तोंड काँक्रीटने कायमचे बंद केले.

या प्रसंगानंतर मी विंचेस्टर कॅथेड्रलची हकिकत वाचून काढली. इंग्लंडमधील त्या जुन्या इमारतीच्या पायाखाली दलदलीची माती आणि पाणी होते. पायापर्यंत खोदून पाणी उपसले असते तर भिंतींखालची माती हलली असती आणि इमारत कोसळण्याचा धोका होता. म्हणून १९०६ ते १९११ या काळात विल्यम वॉकर नावाचा पाणबुड्या रोज सहा-सहा तास, सुमारे ६ मीटर खोल, काळ्याकुट्ट पाण्यात उतरून हाताने चाचपडत माती काढत राहिला आणि तिच्या जागी काँक्रीटच्या गोण्या रचत राहिला. त्या थराने खालून येणारे पाणी अडले, मग खड्डे उपसता आले आणि वर विटा व काँक्रीटचे ठोकळे रचता आले. त्या कामात २५,८०० गोण्या काँक्रीट, १,१४,९०० काँक्रीटचे ठोकळे आणि ९,००,००० विटा लागल्याची नोंद आहे. आमचा खड्डा त्यापुढे अगदीच लहान. परंतु पाणी उपसायचे की माती सांभाळायची, हा प्रश्न दोन्हीकडे तोच होता, आणि आमच्याकडे तो योग्य रीतीने सोडवला गेला.

घराच्या एकाच कोपऱ्याखाली नवा पाया घालण्यात एक धोका असतो, आणि त्याबद्दल बहुतेक कंत्राटदार बोलत नाहीत. नवा खोल भाग स्थिर राहतो, तर उरलेला उथळ पाया वरच्या मातीबरोबर ऋतूनुसार किंचित वर-खाली होत राहतो. त्यामुळे दोघांच्या सांध्यावर नवी भेग पडू शकते. आमच्या कामात दोन्ही टोकांचे शेवटचे भाग एकदम न संपवता टप्प्याटप्प्याने उथळ करत नेले, म्हणजे खोली २.२ मीटरवरून जुन्या पायाच्या ९० सेंटिमीटरपर्यंत पायऱ्यांनी येते. तरीही सांध्यावर केसाएवढी भेग येण्याची शक्यता त्यांनी लेखी नोंदवली होती, आणि संपूर्ण घराखाली पाया घालण्याचा पर्याय खर्चासह समोर ठेवला होता. तो आम्हाला पेलणारा नव्हता.

आता उणिवांकडे वळतो. मोजमापाच्या काळात दर महिन्याला माणूस येई, आकडे लिही आणि जाई. पण ते आकडे आमच्या हाती तीन-तीन महिन्यांनी पडत, तेही कोणत्याही स्पष्टीकरणाविना. ज्याच्या घराची भेग उघडत आहे त्याला तो आकडा त्याच दिवशी सांगणे फारसे कठीण नाही. संस्थेचे जमिनीखालचे काम जितके नेमके होते, तितके जमिनीवरचे नव्हते. उखडलेली फरशी पुन्हा बसवताना तिचा उतार एका जागी भिंतीकडेच झाला, म्हणजे ज्या पाण्यामुळे सगळे घडले त्यालाच पुन्हा वाट करून दिली गेली. मी पाणसळ लावून दाखवल्यावर त्यांनी ती फरशी बदलली, पण हे त्यांच्याच लक्षात यायला हवे होते. खोलीतील सामान झाकण्याची व्यवस्था अपुरी होती आणि सहा आठवडे धूळ घरभर पसरत राहिली. काम चालू असताना त्या खोलीत कोणी झोपू नये, ही सूचनाही आम्ही विचारल्यावरच मिळाली. ती पहिल्या दिवशीच मिळायला हवी होती.

सर्वांत गंभीर उणीव कागदपत्रांची आहे. प्रत्येक भाग किती खोल गेला, तळाला कोणती माती लागली, काँक्रीट कोणत्या तारखेला पडले आणि कोरडा मसाला कधी भरला, यांची नोंद कामाच्या वेळी रोज लिहिली जात होती. मी ती वही पाहिली आहे. परंतु छायाचित्रांसह तयार केलेला अंतिम नकाशा मिळवण्यासाठी मला चार महिने पाठपुरावा करावा लागला. पुढे कोणी या घरात नळी टाकायला खोदले, भिंत वाढवली किंवा घर विकले, तर जमिनीखाली काय आहे हे सांगणारी तीच एक गोष्ट आहे. ज्यांना असे काम करून घ्यायचे आहे त्यांना माझा आग्रहाचा सल्ला आहे की, शेवटच्या रकमेचा काही भाग हा नकाशा हाती येईपर्यंत राखून ठेवावा आणि तशी अट करारातच लिहून घ्यावी.

खर्चाबद्दल इतकेच सांगतो की, तपासणी आणि मोजमाप यांवर जे गेले ते एकूण खर्चाच्या मानाने थोडे होते, आणि त्या थोड्यावरच बाकीचा सगळा खर्च योग्य की अयोग्य हे ठरले. कमी दराने काम करणाऱ्या दुसऱ्या एका कंत्राटदाराच्या पत्रकात माती परीक्षण आणि मोजमाप या दोन ओळीच नव्हत्या.

जुनी भेग नव्या पायानंतर लगेच भरली नाही, हेही मला योग्य वाटले. अंडरपिनिंग घराला सहसा वर उचलत नाही. ते खाली जाणे थांबवते. कोपरा आजही तितकाच खाली आहे, आणि दार मोकळे व्हावे म्हणून त्याची चौकट काढून नव्याने बसवावी लागली. भेग तीन महिने मोजून, ती हलत नाही हे पाहिल्यावर मग तिच्या आडव्या सांध्यांत बारीक पोलादी सळया बसवून विटा पुन्हा जोडल्या गेल्या. पितळी खुंट्या मी काढू दिल्या नाहीत. मागच्या आठवड्यात मी स्वतः कॅलिपर लावून पाहिले. १४ महिन्यांतला फरक मिलिमीटरच्या दोन दशांशांच्या आत आहे. नव्या आणि जुन्या पायाच्या सांध्यावर, त्यांनी लिहून दिल्याप्रमाणेच, गिलाव्यात केसाएवढी एक रेघ कोरड्या ऋतूत उमटली होती, ती पावसानंतर मिटली. तिच्या दोन्ही बाजूंनाही आता खुंट्या बसवून घेतल्या आहेत आणि पहिला आकडा वहीत लिहिला आहे.